‘फिनॉमिनल’ या शब्दासाठी मराठीत नेमके काय लिहावे?

धालोमांड (डिचोली)

सर्व जाणकारांना नमस्कार.

आमच्या गावच्या ग्रंथालयाची स्मरणिका येत्या पौषात निघणार आहे आणि तिच्यातील एका इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. लेख गावातल्या एका दिवंगत आजींविषयी आहे. धालो (पौषातल्या रात्री बायांनी गात गात करायचे लोकनृत्य) आणि फुगडीची शेकडो गीते त्यांना मुखोद्गत होती. मांडावर, म्हणजे धालो खेळण्याच्या ठरलेल्या जागेवर, समोरासमोर दोन रांगा उभ्या राहिल्या की गीताचा पहिला चरण त्यांच्याच तोंडून निघे, आणि रात्र सरत आली तरी त्यांच्याजवळची गीते सरत नसत. लेखक त्यांचे नातू असून ते परदेशात तत्त्वज्ञान शिकवतात. त्यांची इंग्रजी सुबोध आहे, पण ‘फिनॉमिनल’ आणि ‘फिनॉमिनन’ हे दोन शब्द लेखात तीन ठिकाणी आले आहेत आणि तिन्ही ठिकाणी मी अडखळलो आहे.

पहिल्या ठिकाणी आजींची मेमरी फिनॉमिनल होती असे म्हटले आहे. दुसऱ्या ठिकाणी धालोच्या रात्री मांडावरच्या बायांना ‘फिनॉमिनल वर्ल्ड’चा विसर पडत असे, असे वाक्य आहे. तिसऱ्या ठिकाणी लेखक लहानपणी आजींचे बोट धरून नेत्रावळीची बुडबुड तळी पाहायला गेल्याची आठवण सांगतात आणि तळीला ‘नॅचरल फिनॉमिनन’ म्हणतात. मी पहिल्या खर्ड्यात अनुक्रमे ‘असामान्य स्मरणशक्ती’, ‘असामान्य जग’ आणि ‘नैसर्गिक चमत्कार’ असे लिहिले. घरी वाचून दाखवले तेव्हा आईने विचारले, “बायांना असामान्य जगाचा विसर पडत असे की सामान्य जगाचा?” तेथे माझी चूक माझ्या लक्षात आली.

शब्दकोश पाहिला तर या एकाच विशेषणापुढे ‘असामान्य, विलक्षण’ असाही अर्थ आहे आणि ‘दृश्य, इंद्रियगोचर’ असाही आहे. जे कोणाच्याही डोळ्यांना सहज दिसते ते आणि जे क्वचितच पाहायला मिळते ते, या दोन्हींसाठी इंग्रजीत एकच शब्द कसा झाला, हे मला समजून घ्यायचे आहे. ते समजले तर तिन्ही वाक्ये सुधारता येतील असे वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.

बार्देशकर बाई (म्हापसा)

आपल्या आईंचा प्रश्न मार्मिक आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. मी सत्तावीस वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवले आणि हा शब्द शिकवताना मुलांचा गोंधळ दरवर्षी पाहिला, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

मूळ ग्रीक क्रियापद ‘फायनेस्थाय’ आहे आणि त्याचा अर्थ केवळ ‘दिसणे, प्रकट होणे’ एवढाच आहे. त्यापासून झालेला ‘फायनोमेनॉन’ म्हणजे ‘जे दिसते ते’. त्यात थोर, मोठे, दुर्मीळ असे काहीही नाही. प्राचीन ग्रीक ज्योतिषी हा शब्द आकाशात दिसणाऱ्या गोष्टींसाठी वापरत असत: ग्रहांची गती, नक्षत्रांचे उदयास्त, ग्रहणे. त्यांच्या परंपरेत ‘दिसणाऱ्या गोष्टी सांभाळणे’ असा एक वाक्प्रयोगच होता. ग्रहांच्या गतीविषयी मांडलेली उपपत्ती आकाशात प्रत्यक्ष दिसणाऱ्या स्थितीशी जुळली पाहिजे, असा त्याचा आशय. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात लॅटिनच्या वाटेने आला तेव्हा तो विद्वानांच्या लेखनातला शब्द होता आणि ‘निरीक्षणात येणारी गोष्ट’ याच अर्थाने आला होता.

आता आपण विचारलेला बदल कसा झाला ते पाहू. माणूस रोज दिसणाऱ्या गोष्टीची नोंद करीत नाही. ज्याची नोंद होते, ज्याविषयी चार लोक विचारतात, ते सहसा वेगळे असते. धूमकेतू दिसला, ग्रहण लागले, गोठ्यात दोन डोक्यांचे वासरू जन्माला आले, अशा गोष्टींना वारंवार ‘फिनॉमिनन’ म्हटले गेले आणि अठराव्या शतकात त्या शब्दाला ‘पाहण्याजोगी, नवलाची गोष्ट’ असा अर्थ चिकटला. पुढे नवलाच्या माणसालाही तो लावू लागले. डिकन्स यांच्या 1838–39 मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘निकोलस निकलबी’ या कादंबरीत एका फिरत्या नाटक मंडळीतील मुलीची जाहिरातच मुळी ‘इन्फंट फिनॉमिनन’ अशी केली जाते. त्या काळी हा शब्द नाटकाच्या जाहिरातीपर्यंत पोहोचला होता, याची ती साक्ष आहे. विशेषण ‘फिनॉमिनल’ त्यामानाने उशिरा, एकोणिसाव्या शतकात रुळले. आधी त्याचा अर्थ ‘दृश्याशी संबंधित’ असा शास्त्रीय होता, आणि त्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ‘विलक्षण’ हा बोलीतला अर्थ आला. जुना अर्थ मात्र मेला नाही, तो तत्त्वज्ञानाच्या वर्गात टिकून राहिला. म्हणून आपल्या लेखात दोन्ही अर्थ एकमेकांशेजारी बसलेले आहेत.

या शब्दाचे कुटुंब मोठे आहे. ‘फँटम’, ‘फँटसी’, ‘फॅन्टास्टिक’ हे त्याच धातूपासून आलेले, आणि चंद्राच्या कलांना इंग्रजीत ‘फेज’ म्हणतात तोही त्यातलाच. आपल्या गोव्यात 6 जानेवारीला रेइश मागुश, चांदर आणि कासावली येथे तीन राजांचे फेस्त होते, त्या सणाला इंग्रजीत ‘एपिफनी’ म्हणतात. त्यातही हाच ‘प्रकट होणे’ आहे. मला सर्वांत अधिक आनंद देणारी गोष्ट अशी की भाषाशास्त्रज्ञ या ग्रीक धातूचे नाते संस्कृतमधील ‘भा’ या धातूशी जोडतात. ‘प्रभा’, ‘आभा’, ‘भानू’ आणि ‘प्रतिभा’ हे त्याच ‘भा’पासून झालेले शब्द आहेत. तेव्हा एखाद्या कवीच्या प्रतिभेला कोणी ‘फिनॉमिनल’ म्हटले तर दोन फार दूरच्या चुलत बहिणी एका वाक्यात भेटल्या असे समजावे.

आजींच्या स्मरणशक्तीसाठी ‘असामान्य’ चालेल, परंतु माझे मन ‘विलक्षण’ या शब्दाकडे झुकते.

साळकाठ (मडगाव)

बाईंच्या प्रतिसादानंतर मी फक्त दुसऱ्या वाक्याविषयी लिहितो, कारण लेखक तत्त्वज्ञान शिकवतात म्हटल्यावर ‘फिनॉमिनल वर्ल्ड’ हा शब्दप्रयोग त्यांनी सहज केलेला नसणार.

तत्त्वज्ञानात या शब्दाला आजचे वजन मिळाले ते मुख्यतः जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांच्या 1781 मधील ग्रंथामुळे. कांट यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्याला वस्तूचे ज्ञान होते ते आपल्या इंद्रियांच्या आणि बुद्धीच्या घडणीतून गाळून होते. स्थळ आणि काळ ही आपल्या पाहण्याची चौकट आहे. त्या चौकटीत वस्तू आपल्याला जशी प्रतीत होते ते ‘फिनॉमिनन’, आणि त्या चौकटीबाहेर ती वस्तू स्वतःच्या ठायी कशी आहे ते आपल्याला कधीच कळू शकत नाही. पहिल्या बाजूचे जे जग, ज्यात आपण जेवतो, चालतो, भांडतो, भात लावतो, ते ‘फिनॉमिनल वर्ल्ड’. त्यामुळे आपल्या आईंची शंका अगदी बरोबर आहे. धालोच्या रात्री बायांना ज्याचा विसर पडत असे ते हेच रोजचे, हाताला लागणारे, घरकामाचे जग होय.

येथे अनुवादकाने एका गोष्टीची काळजी घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मराठीत ‘जे दिसते ते’ म्हटले की लेखणी आपोआप ‘मायिक जग’, ‘मिथ्या जग’, ‘आभासी जग’ या शब्दांकडे वळते. कांट यांना ते मान्य झाले नसते. जर्मन भाषेत प्रतीतीसाठी ‘एर्शायनुंग’ आणि भ्रमासाठी ‘शाइन’ असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि आपण पहिल्याविषयी बोलत आहोत, दुसऱ्याविषयी नव्हे, हे त्यांनी स्वतः स्पष्ट केले आहे. अद्वैत वेदान्ताच्या परिभाषेत सांगायचे तर दोरीच्या जागी दिसलेला साप ही प्रातिभासिक सत्ता (सत्ता म्हणजे असण्याची पातळी), दिवा आणल्यावर दिसणारी दोरी ही व्यावहारिक सत्ता आणि ब्रह्म ही पारमार्थिक सत्ता. ‘फिनॉमिनल वर्ल्ड’ सापाच्या जातीचे नाही, ते दोरीच्या अधिक जवळ आहे. तुलना तंतोतंत जुळते असे मी म्हणत नाही, कारण ब्रह्माचे ज्ञान होऊ शकते असे अद्वैत मानते आणि कांट वस्तूच्या मूळ स्वरूपाचे ज्ञान अशक्य मानतात. तरीही ‘आभासी’ हा शब्द का टाळावा हे कळण्यापुरती ती उपयोगी पडते.

आपल्या गोव्यात तर हा शब्द अधिकच जपून वापरायला हवा. कवळ्याचा गौडपादाचार्य मठ अद्वैत परंपरेचा आणि काणकोणातील पर्तगाळीचा मठ द्वैत परंपरेचा. जग सत्य की मिथ्या, या प्रश्नावर या दोन परंपरांची उत्तरे परस्परविरोधी आहेत, आणि आपल्या स्मरणिकेचे वाचक दोन्ही मठांचे अनुयायी असू शकतात. मूळ लेखकाने जो पक्ष घेतलेला नाही तो अनुवादाने घेऊ नये.

माझी सूचना ‘इंद्रियगोचर जग’ किंवा ‘दृश्य जग’ अशी आहे. ‘गोचर’ हा शब्द मला विशेष प्रिय आहे. गाईंच्या चरण्याची जागा तो गोचर. ‘गो’ म्हणजे इंद्रिय असाही अर्थ असल्यामुळे इंद्रिये जेथवर चरू शकतात तो त्यांचा प्रदेश, म्हणजे गोचर. ग्रीक शब्द वस्तूच्या बाजूने पाहतो आणि म्हणतो, ‘ती दिसते’. आपला शब्द इंद्रियांच्या बाजूने पाहतो आणि म्हणतो, ‘ती आमच्या कुरणात आहे’.

वास्कोचा प्रेक्षक

बाईंनी माणसांसाठी या शब्दाचा वापर सांगितला, त्यात एक भर घालतो. ब्राझीलचा फुटबॉलपटू रोनाल्डो 1997 मध्ये इटलीतील इंटर मिलान संघात गेल्यावर तेथे त्याला ‘इल फेनोमेनो’ हे नाव पडले आणि ते कायमचे चिकटले. 2002 च्या विश्वचषकात त्याने आठ गोल केले, त्यातील दोन अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध. आमच्या घरातील वडीलधाऱ्यांचे शिक्षण पोर्तुगीजमधून झाले होते आणि तेही एखाद्या हुशार मुलाला कौतुकाने ‘फेनोमेनो’ म्हणत असत. म्हणजे नामाचा हा अर्थ केवळ इंग्रजीपुरता नाही.

सांगेकर मास्तर

नेत्रावळी आमच्या तालुक्यात असल्यामुळे तिसऱ्या वाक्याचा भार मी उचलतो.

गोपीनाथाच्या देवळाजवळची ही तळी मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तळातून बुडबुडे अखंड वर येत असतात, आणि काठावर टाळ्या वाजवल्या की ते वाढतात असे तेथे येणारा प्रत्येक जण सांगतो. शाळेची सहल घेऊन गेलो की मुले प्रथम टाळ्या वाजवतात आणि नंतर “असे का होते?” असे विचारतात. लेखकाने वापरलेला ‘नॅचरल फिनॉमिनन’ हा शब्द त्या दुसऱ्या प्रश्नाचा आहे. ‘चमत्कार’ म्हटले की प्रश्न संपतो आणि हात जोडले जातात. ‘फिनॉमिनन’ म्हटले की कारणाचा शोध सुरू होतो. शास्त्राच्या पुस्तकात भरती-ओहोटी, इंद्रधनुष्य, दव, गंज हे सारे ‘फिनॉमिना’ आहेत, आणि लोखंडाला गंज चढणे यात नवल ते काय? तरीही तो शब्द तेथे शोभतो, कारण शास्त्रात त्याचा मूळ अर्थ अजून शाबूत आहे.

पाठ्यपुस्तकात आपण ‘नैसर्गिक घटना’ असे लिहितो. वीज पडणे, वादळ, ग्रहण यांना तो शब्द योग्य आहे, कारण ते एका वेळी घडतात आणि संपतात. तळीतील बुडबुडे मात्र रात्रंदिवस चालू असतात, आणि ‘तळी ही एक नैसर्गिक घटना आहे’ असे वाक्य कानाला बरे वाटत नाही. माझ्या आजोबांच्या तोंडी ‘सृष्टिचमत्कार’ असा शब्द होता, तो गोड आहे, पण त्यातही पुन्हा चमत्कार आलाच. मला ‘निसर्गव्यापार’ हा शब्द सुचवावासा वाटतो. अखंड चालणाऱ्या क्रियेला ‘व्यापार’ म्हणण्याची आपली जुनी रीत आहे.

असामान्य म्हणजे काय, याविषयीही एक निरीक्षण नोंदवतो. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि आम्ही त्याला ‘पाऊस’ एवढेच म्हणतो. सोलापूरच्या बाजूला याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास पडतो. तेथे एखाद्या वर्षी गोव्याइतका पाऊस पडला तर तो ‘फिनॉमिनल’ ठरेल. विशेषण पावसाचे नसते, पाहणाऱ्याच्या सवयीचे असते. धालोची गीते पाठ असणाऱ्या बाया एके काळी प्रत्येक वाड्यावर होत्या. त्या पिढीत या आजींची स्मरणशक्ती असामान्य मानली जात होती, की आज आपल्याला काहीच पाठ राहत नाही म्हणून ती तशी वाटते, हे अनुवाद करण्यापूर्वी गावात विचारून पाहावे.

मुद्रितशोधक (पणजी)

मास्तरांनी ‘चमत्कार’ आणि ‘फिनॉमिनन’ यांत दाखवलेला भेद वाचताना मला आमच्याच शहरातील एक पुतळा आठवला. जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी 1945 मध्ये घडवलेला. कांदोळी येथे 1756 मध्ये जन्मलेल्या या गोमंतकीय धर्मगुरूने 1813 पासून पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग केले. समोर बसलेली व्यक्ती एका शब्दासरशी झोपी जाते, हे पाहून लोक थक्क होत असत. त्या काळी जर्मन वैद्य मेस्मर यांच्या अनुयायांचे मत असे होते, की प्रयोग करणाऱ्याच्या देहातून एक चुंबकीय द्रव वाहतो आणि त्याचा हा परिणाम. फारिया यांनी ते नाकारले. त्यांचे म्हणणे असे, की द्रव वगैरे काही नाही आणि प्रयोगकर्त्याच्या अंगी कोणतीही दिव्य शक्ती नाही; जे घडते त्याचे कारण झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनात आहे. 1819 मध्ये, म्हणजे मृत्यूच्याच वर्षी, त्यांचा ग्रंथ पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. प्रेक्षकांच्या लेखी जे ‘फिनॉमिनल’ होते ते फारिया यांच्या लेखी ‘फिनॉमिनन’ होते, आणि आपल्याच कीर्तीला बाधक ठरेल असे हे म्हणणे त्यांनी प्रामाणिकपणे मांडले, याचा मला गोमंतकीय म्हणून अभिमान वाटतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वर्तमानपत्राच्या मजकुरावर हात फिरवण्यात माझे आयुष्य गेले. ‘फिनॉमिनल’ हा शब्द बातमीदारांच्या इंग्रजीत इतका आला, की त्याच्यासाठी एकच ठरीव मराठी प्रतिशब्द शोधण्याचा नाद मी पुष्कळ वर्षांपूर्वी सोडला. इंग्रजीतील हे विशेषण कोणत्याही नामापुढे बसते. मराठीचे तसे नाही. आपल्याकडे प्रत्येक नामाने आपापले विशेषण निवडून ठेवले आहे. धाडस अचाट असते, संपत्ती अफाट असते, प्रतिसाद उदंड मिळतो, बुद्धी तल्लख असते, व्यासंग आणि स्मरणशक्ती दांडगी असते, यश नेत्रदीपक असते आणि विक्री विक्रमी होते. ‘अचाट प्रतिसाद’ किंवा ‘उदंड धाडस’ कोणी लिहिले तर अर्थ कळेल, पण वाचणारा क्षणभर थबकेल. म्हणून विशेषणाचा अनुवाद करण्याआधी त्याच्यापुढचे नाम पाहावे, असे मी नव्या मुलांना सांगत आलो.

‘विलक्षण’ या शब्दाबाबत बाईंशी माझा आदरपूर्वक मतभेद आहे. ‘विलक्षण’ म्हणजे ज्याची लक्षणे इतरांहून वेगळी ती गोष्ट. तो शब्द गुणाचा आहे तसाच विचित्रपणाचाही आहे. ‘स्वभावाने विलक्षण माणूस’ म्हटले तर स्तुती की तक्रार हे सांगता येत नाही. ‘चमत्कारिक’ या शब्दाचे तर पूर्णच अधःपतन झाले. ‘चमत्कार’ हा संस्कृत काव्यशास्त्रातील प्रतिष्ठेचा शब्द, रसिकाच्या मनात उमटणाऱ्या विस्मययुक्त आनंदाचे नाव. आणि त्याचेच विशेषण आज आपण शेजारच्या चमत्कारिक गृहस्थांसाठी वापरतो. ‘लोकोत्तर’ आणि ‘अलौकिक’ या शब्दांना अजून ओज आहे, ते केसरबाई केरकरांच्या गाण्यासाठी राखून ठेवावेत असे माझे मत आहे. विस्मय हा अद्भुतरसाचा स्थायीभाव मानला आहे, आणि स्थायीभाव जागा करणारा शब्द रोज खर्च करण्याजोगा नसतो.

कोकणीतील ‘अजाप’ हा शब्दही आजींच्या तोंडी असणारच. अरबी ‘अजब’पासून आलेला हा शब्द नवलाची आणि निरागसतेची एकत्र आठवण करून देतो. लेखात आजींचे संवाद असतील तर तो तसाच ठेवावा.

आजींसाठी माझ्या मनात आलेला शब्द ‘एकपाठी’ असा आहे. एकदा ऐकले की पाठ होणारी व्यक्ती, इतका नेमका अर्थ सांगणारा शब्द इंग्रजीत नाही.

एक शेवटची विनंती लेखनाविषयी. ‘फिनॉमिनन’ हे एकवचन आणि ‘फिनॉमिना’ हे अनेकवचन आहे. ‘अल निनो हा एक फिनॉमिना आहे’ असे वाक्य आमच्याकडे इतक्या वेळा येते, की ते कापता कापता लेखणी झिजली.

बार्देशकर बाई (म्हापसा)

‘विलक्षण’विषयीचे आपले म्हणणे मला पटले, तो शब्द मी मागे घेते. ‘एकपाठी’ मात्र घाईने स्वीकारू नये. शब्द उत्तमच आहे, परंतु मूळ लेखकाने स्मरणशक्ती किती थोर होती एवढेच सांगितले आहे. ती एका श्रवणात गीत टिपत होती असा दावा केलेला नाही. सुंदर शब्दाच्या मोहाने आजींच्या चरित्रात एक नवी घटना घालणे योग्य होणार नाही.

माझ्या विद्यार्थ्यांना मी एक कसोटी देत असे, ती येथेही उपयोगी पडेल. ‘फिनॉमिनल’च्या जागी ‘दिसणारे’ हा शब्द घालून पाहावा. वाक्याला अर्थ राहिला तर जुना, शास्त्रीय अर्थ आहे. नाही राहिला तर ‘थोर, मोठे’ हा नवा अर्थ आहे. ‘दिसणारे जग’ चालते, ‘दिसणारी स्मरणशक्ती’ चालत नाही.

धालोमांड (डिचोली)

आपणा सर्वांचे उपकार मानावेत तितके थोडे आहेत. मास्तरांच्या सांगण्यावरून मी काल संध्याकाळी आजींच्या वाड्यावर जाऊन आलो. त्यांच्याबरोबर मांडावर उभ्या राहिलेल्या दोन वृद्ध बाया अजून आहेत. त्यांनी सांगितले, की गीते सर्वांनाच येत असत, पण मध्येच एखादा चरण निसटला की दोन्ही रांगा थांबून आजींकडे पाहत असत. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पिढीतही त्यांचे वेगळेपण मान्य होते. ‘एकपाठी’ या शब्दाविषयी विचारले तेव्हा दोघींनीही नकार दिला. आजी माहेरहून काही गीते घेऊन आल्या होत्या आणि बाकीची त्यांनी सासरी दर पौषात, मांडावर उभ्या राहून, वर्षानुवर्षे शिकून घेतली होती. बाईंचा सावधपणा सार्थ ठरला.

त्यांच्या लेकीने आईच्या तोंडून उतरवून घेतलेली एक वही घरात आहे. तीत 143 गीते आहेत, आणि शेवटची काही पाने कोरी आहेत, कारण सांगणे पुरे होण्याआधीच आजी गेल्या. लेखकांना मी रात्री फोनवर हे सांगितले. वहीची माहिती त्यांना नव्हती. त्यांच्या संमतीने पहिले वाक्य आता असे झाले आहे: “आजींची स्मरणशक्ती दांडगी होती, त्यांनी सांगितलेली 143 गीते लेकीच्या वहीत उतरली आहेत आणि तरीही वही अपुरी आहे.” दुसऱ्या वाक्यात ‘दृश्य जगाचा विसर पडत असे’ असे ठेवले. ‘इंद्रियगोचर’ हा शब्द मला मनापासून आवडला होता, पण आईला वाक्य वाचून दाखवले तेव्हा ती त्या शब्दावर थांबली आणि ‘दृश्य’ म्हटल्यावर थांबली नाही. तळीच्या वाक्यात ‘चमत्कार’ खोडून ‘निसर्गव्यापार’ लिहिले आहे. त्या वाक्याच्या पुढेच आजींचा उद्गार आहे आणि मूळ लेखात तो इंग्रजीत दिला होता. लेखकांना विचारले, तेव्हा आजी प्रत्यक्षात काय म्हणाल्या होत्या ते त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले: “पळय रे, कितें अजाप!” अनुवादात तो तसाच कोकणीत येईल.